ताजुद्दीन अहमद गप्प का बसले?

अश्विनी क.

२६ ऑक्टोबर १९७४. ढाक्यात बांगलादेशच्या अर्थमंत्र्यांसमोर राजीनाम्याचं पत्र ठेवलं जातं. मजकूर आधीच टाइप केलेला, फक्त सही व्हायची बाकी. पंतप्रधान शेख मुजीबुर रहमान यांचीच तशी इच्छा. अर्थमंत्री सही करतात आणि घरी जातात. त्यानंतर एक वर्ष आणि आठ दिवसांनी, ३ नोव्हेंबर १९७५ च्या पहाटे, ढाका सेंट्रल जेलमध्ये त्यांना गोळ्या घातल्या जातात.

हे अर्थमंत्री म्हणजे ताजुद्दीन अहमद, बांगलादेशचे पहिले पंतप्रधान. आपल्याकडे १९७१ म्हटलं की इंदिरा गांधी, माणेकशॉ आणि मुजीब एवढीच नावं निघतात. पण युद्धाचे नऊ महिने मुजीब पाकिस्तानच्या तुरुंगात होते. त्या काळात बांगलादेशचं सरकार चालवलं ते ताजुद्दीन यांनी.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्म १९२५, ढाक्याजवळच्या कापासिया भागातलं दरदरिया गाव. ढाका विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, कायद्याची परीक्षा तुरुंगातून दिली. १९६६ मध्ये मुजीब अवामी लीगचे अध्यक्ष झाले आणि ताजुद्दीन सरचिटणीस. एक सभा जिंकणारा, दुसरा कागद सांभाळणारा. १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० या पक्षाला मिळाल्या. मार्च १९७१ च्या असहकारात कुठल्या बँका कधी उघडायच्या, कुठली कचेरी चालू ठेवायची, याचे आदेश ताजुद्दीन यांच्या नावाने निघत आणि अख्खा प्रांत ते पाळत असे.

२५ मार्चच्या रात्री ते धानमंडीला मुजीब यांच्या घरी गेले. स्वातंत्र्याच्या घोषणेचा मसुदा आणि ध्वनिमुद्रण यंत्र बरोबर होतं, असं त्यांच्या कन्येने लिहिलं आहे. मुजीब यांनी ना सही केली, ना घर सोडलं. ताजुद्दीन निराश होऊन परतले, काही तासांत लष्कर शहरात घुसलं, आणि ते तरुण बॅरिस्टर अमीरुल इस्लाम यांच्याबरोबर सरहद्दीकडे निघाले. बायकोला चिठ्ठी पाठवली, तिचा आशय असा: जाताना काही सांगता आलं नाही, माफ कर, मुलांना घेऊन साडेसात कोटी माणसांत मिसळून जा.

३० मार्चला ते सीमेवर पोहोचले. त्यांना कलकत्त्यात भेटायला दिल्लीहून आलेले बीएसएफचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी हे आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. ताजुद्दीन आणि अमीरुल यांच्या अंगावरचे कपडे मळून गेले होते, बदलायला दुसरे नव्हते. रुस्तमजींनी आपल्या बॅगेतले कुर्ते-पायजमे काढून दिले, अशी आठवण सांगतात.

पुढचा प्रश्न मोठा होता. इंदिरा गांधींसमोर बसायचं ते कोण म्हणून? पक्षाचा सरचिटणीस म्हणून गेलं तर सहानुभूती मिळेल, सरकारचा प्रमुख म्हणून गेलं तर मदत मिळेल. ताजुद्दीन सरकारचा प्रमुख म्हणून गेले. मुजीब जिवंत आहेत की नाहीत हेही नक्की माहीत नसताना त्यांनी तो निर्णय एकट्याने घेतला. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळ वैद्यनाथतला इथल्या आंब्याच्या बागेत शपथविधी झाला. राष्ट्राध्यक्ष मुजीब, त्यांच्या गैरहजेरीत सय्यद नझरुल इस्लाम, पंतप्रधान ताजुद्दीन. जागेला नाव दिलं मुजीबनगर. मग कलकत्त्यात ८, थिएटर रोडवर कचेरी. देश सुटेपर्यंत घरी राहायचं नाही असं ठरवून हा माणूस कचेरीलगतच्या खोलीत झोपायचा आणि शर्ट स्वतः धुवायचा. बायको-मुलं नंतर त्याच शहरात येऊन पोहोचली, तरी नियम मोडला नाही.

१० जानेवारी १९७२ ला मुजीब परतले. दोन दिवसांत ताजुद्दीन यांनी पंतप्रधानपद सोडलं आणि अर्थखातं घेतलं. कुटुंबीयांची एक खंत मला फार लागते. त्या नऊ महिन्यांत काय घडलं, हे मुजीब यांनी त्यांना कधी नीट बसवून विचारलंच नाही.

आता माझा मुद्दा. अशा माणसाला बाजूला सारणं ही मुजीब यांची चूक होती, हे बहुतेकांना मान्य असतं. मला त्यापुढे जायचं आहे. बाजूला सारल्यावर ताजुद्दीन यांनी जनतेसमोर न बोलणं हीसुद्धा चूक होती. तीन महिन्यांत, २५ जानेवारी १९७५ ला, चौथी घटनादुरुस्ती झाली आणि पुढच्याच महिन्यात 'बाकशाल' नावाचा एकच पक्ष उरला. ज्याने हे राज्य शून्यातून उभं केलं, त्याने लोकांना सांगायला हवं होतं की हे चुकतंय. त्यांची निष्ठा एका व्यक्तीवर राहिली आणि देशाचा आधार गेला. मतभेद असणाऱ्यांनी जरूर लिहावं.

धनंजय पां.

अश्विनीताई, माहिती पटली, निष्कर्ष अजिबात नाही.

पहिली गोष्ट, ते गप्प नव्हते. ऑक्टोबर १९७४ मध्ये लांबच्या परदेश दौऱ्यावरून परतल्यावर विमानतळावरच ते पत्रकारांशी दुष्काळाबद्दल स्पष्ट बोलले. माणसं मरताहेत हे मान्य करा, सगळ्या पक्षांना बरोबर घ्या, असा त्यांचा रोख होता. सत्तेतला मंत्री स्वतःच्या सरकारबद्दल असं बोलतो याला गप्प बसणं म्हणायचं? दोन आठवड्यांच्या आत सही घेतली गेली ती उगाच नाही. आणि एकपक्षीय राजवटीबद्दल त्यांनी मुजीब यांना थेट बजावलं होतं, असं त्यांच्या जवळच्यांनी नोंदवलं आहे. तुम्हाला हटवण्याचे सगळे शांततेचे मार्ग तुम्हीच बंद करत आहात, असा तो इशारा होता. यापेक्षा स्पष्ट काय बोलायचं?

दुसरी गोष्ट काळाची. तुम्ही 'एक वर्ष' म्हणता. प्रत्यक्षात मोकळे दिवस किती होते ते मोजा. २६ ऑक्टोबरला राजीनामा, २८ डिसेंबरला आणीबाणी. म्हणजे हाती दोन महिने. जानेवारीत एकपक्षीय राजवटीची घटनादुरुस्ती. जूनमध्ये चार वर्तमानपत्रं सोडून बाकी सगळी बंद. बोलायचं कुठे? छापणार कोण?

आणि देशाची अवस्था काय होती? युद्धातली शस्त्रं घराघरांत. जासद या डाव्या विरोधी पक्षाचं गणवाहिनी नावाचं सशस्त्र दल, सिराज सिकदर यांचा भूमिगत सर्वहारा पक्ष, रक्षी बाहिनी या सरकारी निमलष्करी दलाची दहशत. सिकदर स्वतः जानेवारी १९७५ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेले. अशा वेळी मुक्तियुद्धाचा पंतप्रधान मुजीब यांच्याविरुद्ध मैदानात उतरला असता तर पक्ष उभा चिरला गेला असता. त्याचा फायदा लोकशाहीला झाला नसता. छावणीत बसून संधीची वाट बघणाऱ्यांना झाला असता.

ज्या घराचा पाया आपण घातला ते जळत असताना त्यात काडी न टाकणं ही भीती नव्हे. ती जबाबदारी आहे.

नाशिकरोडकर

माझं दोघांशीही जमत नाही. दोघेही ताजुद्दीन यांना निर्दोष धरून चालला आहात.

आधी माझा या विषयाशी संबंध सांगतो. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. स्वतंत्र बांगलादेशच्या पहिल्या टाका नोटा तिथे छापल्या गेल्या आणि मार्च १९७२ मध्ये ढाक्यात चलनात आल्या. नोटेवर त्या देशाचा नकाशा होता. वडील सांगायचे की भोंगा झाला की झडती देऊन बाहेर पडायचं, त्यामुळे महिनोन्‌महिने डोळ्यांसमोरून गेलेली नोट घरी कुणाला दाखवता आली नाही. पुढे किती तरी वर्षांनी एका नाणी-नोटा गोळा करणाऱ्याकडे एक टाक्याची नोट मिळाली, तेव्हा ती त्यांनी हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

त्याआधी, १९७१ च्या शेवटी, ५ पैशांच्या कुटुंबनियोजनाच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' अशी अक्षरं उठवली होती. अर्थमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले होते, त्यांच्यासाठी प्रत्येक पत्रावर हे जादा तिकीट लावावं लागे. ज्यांच्या घरी जुन्या पत्रांची तार आहे त्यांनी काढून बघा, नक्की सापडेल.

आता मुद्द्यावर येतो. या नोटांवरून ढाक्यात अफवा उठली की भारताने दुप्पट छापल्या आणि म्हणून महागाई वाढली. अर्थमंत्री ताजुद्दीन यांना १९७३ मध्ये त्या नोटा चलनातून काढून घ्याव्या लागल्या. त्यांना 'भारताचा माणूस' ठरवायला ही अफवा फार उपयोगी पडली, आणि ते अन्यायाचं होतं हे मलाही मान्य आहे.

पण महागाई खरी होती की नाही? ताग, कापड, साखर यांच्या गिरण्या आणि बँका सरकारने मार्च १९७२ मध्ये ताब्यात घेतल्या. मालक बहुतेक पाकिस्तानी, ते पळालेले, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता हे कबूल. पण गिरण्यांवर नेमले गेले ते बरेचसे पक्षाच्या गोतावळ्यातले लोक. आणि मग १९७४ चा दुष्काळ. रंगपूर, मैमनसिंग, सिल्हेट. सरकारी आकडा सुमारे २७ हजार मृत्यूंचा, बाहेरचे अंदाज कितीतरी लाखांचे. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं की १९७१ ते १९७५ या काळात दरडोई धान्य सर्वांत जास्त होतं ते नेमकं १९७४ मध्येच! धान्य होतं, पण पुरामुळे शेतमजुराचं काम गेलं, तांदूळ कडाडला आणि त्याच्या हातात विकत घ्यायला पैसा नव्हता. मग हा दुष्काळ कोणाच्या खात्यातला? पावसाच्या की अर्थमंत्र्याच्या?

त्यामुळे अश्विनीताई, राजीनाम्यानंतर ते बोलले असते तर लोकांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, की पौणेतीन वर्षं तिजोरीच्या किल्ल्या कुणाकडे होत्या?

अश्विनी क.

नाशिकरोडकर, वडिलांची हकीकत वाचून अंगावर काटा आला. ती तिकिटं आजीच्या पत्रांवर पाहिली आहेत. ती कशासाठी होती ते मला आज कळलं.

दुष्काळाची जबाबदारी त्यांच्यावर काहीच नव्हती असं मी म्हणणार नाही. पण थोडं पुढचंही बघा. अमेरिकेने धान्यमदत अडवून धरली कारण बांगलादेशने क्युबाला तागाची पोती विकली होती. पोती! भुकेल्या देशाने पोती विकली म्हणून जहाजं थांबली. ताजुद्दीन सुरुवातीपासून सांगत होते की १९७१ मध्ये जे आपल्या विरोधात उभे होते त्यांच्या मदतीवर देश उभा करू नका. परिस्थितीने त्यांनाच वॉशिंग्टनला जायला लावलं. आणि राजीनाम्यानंतर चार दिवसांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर ढाक्यात उतरले. हा योगायोग आहे की नाही, यावर तिथे आजही वाद चालतो. मी निकाल देत नाही, पण तारखा समोर ठेवते.

धनंजयराव, 'बोलायचं कुठे' याचं उत्तर आहे. संसदेत. मुक्तिबाहिनीचे सरसेनापती ओस्मानी आणि मैनुल हुसेन या दोघांनी बाकशालच्या विरोधात खासदारकी सोडली. म्हणजे विरोध करता येत होता आणि तो नोंदला जात होता. आपल्याकडचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून नेहरूंच्या कारभारावर नेमकं बोट ठेवलं. तेही प्रशासक पिंडाचे होते, मागे पक्ष नाही, गर्दी नाही. त्या एका भाषणाने संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला केवढं बळ दिलं! ताजुद्दीन यांचं असं एक भाषण असतं तर पुढच्या पिढ्यांच्या हातात काहीतरी राहिलं असतं.

धनंजय पां.

देशमुखांचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. देशमुख भाषण करून घरी गेले, आणि पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. नेहरूंवर टीका केल्यावर घरी सुखरूप जाता येतं अशी ती संसद होती. १९७५ च्या ढाक्यात ती हमी होती का? ओस्मानी लष्करी माणूस, त्यांना हात लावताना कुणीही विचार केला असता. ताजुद्दीन यांच्याकडे पहारेकरीसुद्धा नव्हते.

मुलचेऱ्याचे मास्तर

मी गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा भागात बरीच वर्षं शाळेत होतो. तिथे पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्या वस्त्या आहेत. बहुतेक १९७१ च्या आधीच आलेले. त्यांच्या अंगणात बसून मी बंगाली ऐकायला शिकलो, म्हणून हा विषय जवळचा.

एक निरीक्षण सांगतो. तिथल्या म्हाताऱ्या माणसांपुढे 'शेख मुजीब' म्हटलं की चेहरा बदलायचा. कुणाचा अभिमानाने, कुणाचा रागाने, पण बदलायचा. 'ताजुद्दीन' म्हटलं की दहातला एखादा मान हलवायचा. याच्यात ताजुद्दीन यांचा कमीपणा नाही. पण त्यांना स्वतःला हे पक्कं ठाऊक होतं, आणि चर्चेत तेच सुटतंय.

आंब्याच्या बागेला त्यांनी मुजीबनगर नाव दिलं. स्वतःचं सोडा, गावाचंही नाव ठेवलं नाही. भावनेच्या भरात केलं असं मला वाटत नाही. शेतकऱ्याचा पोरगा बंदूक घेऊन निघतो तो एका नावासाठी, सरकारी परिपत्रकासाठी नाही. तुरुंगात बसलेल्या माणसाचं नाव त्यांनी नऊ महिने झेंड्यासारखं धरलं. मग त्याच माणसाच्या विरोधात तीन वर्षांनी उभं राहून काय सांगायचं होतं? लोकांनी ऐकलंच नसतं. ताई, तुम्ही 'निष्ठा' म्हणता, मला तो हिशेब वाटतो, आणि तो बरोबर होता. लोक मुजीब यांच्यावर स्वतः निराश होईपर्यंत दुसरं कुणी काही करू शकत नव्हतं.

बनानी ते बदलापूर

ढाक्यात गारमेंटच्या कामानिमित्त अनेक वर्षं होतो. मराठीत या माणसावर इतकी गंभीर चर्चा प्रथमच वाचतोय.

२०१६ मध्ये नाझिमुद्दीन रोडवरच्या जुन्या तुरुंगातले कैदी केरानीगंजला हलवले, आणि त्या नोव्हेंबरमध्ये काही दिवस तो तुरुंग लोकांना बघायला खुला केला होता. मी ऑफिसमधल्या दोघांबरोबर गेलो. चौघांना मारलं ती खोली बघितली. ताजुद्दीन, नझरुल इस्लाम, मन्सूर अली, कमरुझ्झमान. खोली अगदी बैठी, साधी. गजांवर गोळ्यांच्या खुणा आहेत, त्यांच्याभोवती लाल रंगाने खूण केलेली. एका गजाला तर खोलगट खळगा पडलाय. माझ्याबरोबरच्या एकाने बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. तो मुलगा एरवी अवामी लीगचा कडवा विरोधक, हे मुद्दाम सांगतो.

तिथे 'भारताचा माणूस' हा आरोप आजही ऐकू येतो. दिल्लीशी सात कलमी गुप्त करार केला म्हणतात. पण ज्या सरकारने हा करार केल्याचं म्हणतात त्याच सरकारने भारताकडे पहिल्यापासून मान्यता मागितली, आणि ती मिळाली ६ डिसेंबरला, युद्ध सुरू झाल्यावर! म्हणजे आठ महिने दिल्लीने त्यांना ताटकळत ठेवलं. शिवाय शेख फजलुल हक मोनी यांच्या गटाला भारतीय गुप्तहेर खात्याने ताजुद्दीन यांना बाजूला ठेवून वेगळं प्रशिक्षण दिलं, तीच मुजीब बाहिनी. स्वतःच्या देशाच्या युद्धात आपल्याला न विचारता दुसरं सैन्य उभं राहतंय, हे ज्याने कलकत्त्यात बसून सोसलं आणि तक्रारी केल्या, तो दिल्लीचा माणूस कसा?

ऑगस्ट २०२४ मध्ये मुजीब यांच्या कन्या, पंतप्रधान शेख हसीना यांची सत्ता गेली. मुजीबनगरमधली शिल्पं फोडली गेली, फेब्रुवारी २०२५ मध्ये धानमंडीचं ते घर पाडलं. माझ्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलतो तेव्हा जाणवतं की मुजीब यांच्यावरचा राग ताजुद्दीन यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पंधरा वर्षं सगळीकडे एकाच घराण्याची चित्रं होती, त्यात ताजुद्दीन कोपऱ्यात होते. म्हणून वाचले, असं मला वाटतं.

पूर्वा

सगळे १९७४ वर भांडताय, पण मला वाटतं त्यांचं खरं चुकलेलं मौन १९७१-७२ चं आहे.

त्यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते खोंदकार मुश्ताक अहमद. युद्ध चालू असताना मुश्ताक यांच्या गोटातून कलकत्त्यातल्या अमेरिकी वकिलातीशी गुपचूप बोलणी चालली होती. रोख असा, की स्वातंत्र्याऐवजी पाकिस्तानशी काही तडजोड व्हावी आणि मुजीब सुटावेत. ताजुद्दीन यांना सुगावा लागला. मुश्ताक संयुक्त राष्ट्रांत शिष्टमंडळ घेऊन जाणार होते, ते थांबवलं. देश सुटल्यावर परराष्ट्रखातं काढून घेतलं. इथपर्यंत ठीक. पण लोकांना कधी सांगितलं नाही. फाटाफूट दिसू नये म्हणून असेल. परिणाम काय? मुश्ताक मुजीब यांच्या मंत्रिमंडळात मानाने बसले. १५ ऑगस्ट १९७५ ला मुजीब कुटुंबासह मारले गेले आणि राष्ट्राध्यक्ष झाले मुश्ताक. तुरुंगातल्या हत्या झाल्या त्याही त्यांच्याच राजवटीत. मारेकऱ्यांना संरक्षण देणारा वटहुकूमही त्यांचाच, आणि तो रद्द व्हायला १९९६ उजाडावं लागलं.

राजीनाम्यानंतरच्या भाषणाने काही बदललं असतं का, मला शंका आहे. पण १९७२ च्या जानेवारीत मुश्ताक यांच्याबद्दल सगळं उघड मांडलं असतं तर?

दुसरं. या चर्चेत झोहरा ताजुद्दीन यांचं नाव कुणी घेतलं नाही, फक्त 'बायकोला चिठ्ठी'. ती बायको पुढे काय झाली? १९७७ मध्ये अवामी लीग पार मोडकळीला आली होती, नेते तुरुंगात नाहीतर भूमिगत, तेव्हा निमंत्रक म्हणून पक्ष या बाईने बांधून ठेवला. नवरा मारला जाऊन दोन वर्षं झालेली, घरात चार मुलं. १९८१ मध्ये हसीना परतल्या तेव्हा त्यांना तयार पक्ष मिळाला तो त्यामुळे. ताजुद्दीन बोलले नाहीत म्हणता, त्या घरातून कुणीतरी रस्त्यावर उभं राहून बोललं.

मुलचेऱ्याचे मास्तर

पूर्वा बेटा, हे मला माहीत नव्हतं. आणि मुश्ताकचा मुद्दा माझ्या हिशेबात बसत नाही हेही मान्य करतो. तिथे लोकांची मनं वळवायची नव्हती, फक्त मुजीब यांना एकट्याला सांगायचं होतं.

धनंजय पां.

मास्तर, सांगायला समोरचा ऐकायलाही हवा. नऊ महिन्यांची हकीकत विचारलीच नाही, असं अश्विनीताईंनीच वर लिहिलंय. मुश्ताक मुजीब यांचे जुने स्नेही. मोनी तर सख्खे भाचे, आणि ताजुद्दीन यांच्याबद्दल कान भरण्यात पुढे. त्यांनी काही सांगितलं असतं तरी मत्सर म्हणून उडवून लावलं गेलं असतं.

तरीही पूर्वाचं म्हणणं डोक्यातून जात नाही. १९७४ चं मौन मी कालही समजू शकत होतो, आजही समजू शकतो. मुश्ताकबद्दलचं नाही.

एक गोष्ट जोडतो. ताजुद्दीन तरुणपणापासून डायरी लिहीत. १९४७ च्या पुढच्या वह्या छापून आल्या आहेत. कोण भेटलं, सायकलवर कुठे गेलो, बैठकीत काय ठरलं, आणि त्या दिवशीचं हवामान. आभाळ होतं, ऊन होतं, रात्री पाऊस. ढाक्यात दंगा असो वा भाषेचं आंदोलन, हवामान लिहायचं राहत नाही. तुरुंगातल्या शेवटच्या महिन्यांतही ते लिहीत होते आणि तिथे फुलझाडं लावत होते, असं कुटुंबीय सांगतात. ती शेवटची वही मात्र हत्येनंतर मिळालीच नाही. म्हणून 'गप्प' हा शब्द मला खटकतो. लिहिलं असेल तर ते कुणीतरी नेलं.

अश्विनी क.

धनंजयराव, त्या वहीची आठवण काढलीत, बरं केलंत. शीर्षकातला 'गप्प' शब्द आता मलाही पुरता बरोबर वाटत नाही. पण माझं मूळ मत आहे तिथेच आहे. वहीत लिहिणं आणि संसदेत उभं राहून बोलणं वेगळं. पहिलं चोरता आलं, दुसरं कुणाला चोरता आलं नसतं.

पूर्वाचा मुद्दा मात्र माझ्या धाग्यापेक्षा मोठा आहे. मुश्ताक आणि कलकत्त्यातली ती बोलणी यावर स्वतंत्र धागा काढते, थोडं वाचून. अमेरिकेची त्या काळातली सरकारी कागदपत्रं खुली झालेली आहेत, त्यात त्या भेटींच्या नोंदी आहेत. झोहरा ताजुद्दीन यांच्यावर पूर्वा तू लिही, मी वाट बघते. नाशिकरोडकर, ती एक टाक्याची नोट अजून घरात असेल तर फोटो टाका.

नाशिकरोडकर

आहे. वडिलांच्या पासबुकात ठेवलेली आहे. उद्या दिवसाउजेडी काढून टाकतो, रात्री दिव्यात नकाशाच्या रेषा नीट येत नाहीत.